वॉस्को काउंटीची मतदार यादी

15 एप्रिल 1982 रोजी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या अँटिलोप नावाच्या गावाने स्वतःची नगरपालिका बरखास्त करायची की नाही, यावर मतदान घेतलं. 1980 च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या होती 39. मतं पडली 97. बरखास्तीच्या बाजूने 42, विरोधात 55. गाव टिकलं, आणि गावकरी हरले.

हा उलटा हिशेब समजला की पुढचं सगळं प्रकरण समजतं. गाव मोडायला निघाले होते ते मूळ रहिवासी. गावाबाहेर शेतात राहणारे आणि गावाशी पिढ्यान्पिढ्या नातं सांगणारे काही जण नाव नोंदवायला परतही आले होते. गाव वाचवायला निघाले होते ते काही महिन्यांपूर्वी तिथे घरं विकत घेतलेले, लाल-केशरी कपडे आणि गळ्यात माळ घालणारे नवे रहिवासी, म्हणजे आचार्य रजनीशांचे संन्यासी अनुयायी. नव्यांना गाव हवं होतं, कारण गाव म्हणजे सही-शिक्का: कर लावायचा, बांधकामाला परवानगी द्यायची, शाळा चालवायची. जुन्यांना ते परक्या हाती देण्यापेक्षा मोडलेलं परवडत होतं.

आचार्य रजनीशांचं नाव मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. 1974 ते 1981 ते पुण्याच्या कोरेगाव पार्कात होते. त्यांच्या अमेरिकेतल्या पर्वाबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक 93 रोल्स रॉइस गाड्यांवर सुरू होतं आणि त्यांच्या सचिव शीलाबाईंवर संपतं. ज्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) हे घडलं तिच्याकडे कुणी पाहत नाही. मला वाटतं, प्रकरण खरं तिथेच आहे.

वॉस्को काउंटी 11 जानेवारी 1854 रोजी स्थापन झाली तेव्हा तिचं क्षेत्रफळ सुमारे 1,30,000 चौरस मैल होतं. म्हणजे आजच्या अख्ख्या महाराष्ट्राहून मोठी, पश्चिमेला कॅस्केड पर्वतरांग आणि पूर्वेला थेट रॉकी पर्वत. मग तिचे तुकडे पडत गेले. आज उरलेली वॉस्को आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडीच मोठी आहे. 1980 मध्ये तिथे राहत होते सुमारे 21,700 लोक, त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या द डॅल्स या मुख्य शहरात आणि त्याच्या अवतीभोवती. उत्तरेला कोलंबिया नदी, तिच्या काठाने चेरीच्या बागा. दक्षिणेकडे जावं तसा पाऊस कमी होतो, गव्हाची शेतं लागतात आणि मग नुसतंच माळरान आणि गुरं.

काउंटीला नाव मिळालं ते वॉस्को या आदिवासी जमातीवरून. 1855 च्या तहाने या आणि शेजारच्या जमातींनी सुमारे एक कोटी एकर जमीन सोडली आणि वॉर्म स्प्रिंग्ज राखीव क्षेत्र व पूर्वापार जागी मासेमारीचा हक्क स्वतःकडे ठेवला. त्या जागांमधली सर्वांत मोठी, कोलंबियावरचा सेलायलो धबधबा, 10 मार्च 1957 रोजी द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली गेली. बाहेरून माणसं आली, कागदोपत्री सगळं रीतसर केलं आणि मूळच्यांची जागा गेली, हे या काउंटीत आधीही घडून गेलेलं होतं. 1982 सालच्या गावकऱ्यांच्या तक्रारी वाचताना ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

काउंटीचा कारभार तीन जणांच्या मंडळाकडे असे. एक काउंटी जज आणि दोन कमिशनर मिळून होणाऱ्या या मंडळाचं नाव काउंटी कोर्ट, काम मात्र आपल्या जिल्हा परिषदेसारखं: रस्ते, जमीन, अंदाजपत्रक. निवडणुका आणि दस्तनोंदणी बघायला काउंटी क्लार्क, तोही लोकांनी निवडलेला. अशा ठिकाणी क्लार्कला बरेच मतदार चेहऱ्याने माहीत असतात. पत्त्याचा पुरावा कोण मागणार? ओरेगनमध्ये तर 1975 पासून मतदानाच्या दिवशीसुद्धा नाव नोंदवता येत असे. माणूस म्हणतोय मी इथे राहतो, म्हणजे तो राहतोच, असं धरून चालायचं.

जुलै 1981 मध्ये रजनीशांच्या संस्थेने बिग मडी रँच विकत घेतली. 64,229 एकर, किंमत 57.5 लाख डॉलर, वॉस्को आणि शेजारची जेफरसन अशा दोन काउंट्यांत पसरलेली. अतिचराईने उजाड झालेली जमीन. ऑगस्टअखेर स्वतः रजनीश तिथे राहायला आले. व्यवहार पाहणाऱ्या होत्या मा आनंद शीला, मूळच्या बडोद्याच्या शीला अंबालाल पटेल.

अडचण पहिल्याच दिवसापासून होती आणि ती आपल्याकडच्या कुणालाही लगेच कळेल: जमीन शेतीची होती, एनए नव्हती. ओरेगनने 1973 मध्ये अमेरिकेतला सर्वांत कडक म्हणावा असा जमीन-वापर कायदा केला होता. पोर्टलंडसारख्या शहरांनी भोवतालची शेती गिळू नये हा हेतू. शेतीसाठी राखलेल्या जमिनीवर शेतमजुरांची घरं बांधता येत, छापखाना किंवा हॉटेल नाही. 1975 मध्ये स्थापन झालेली 'थाउजंड फ्रेंड्स ऑफ ओरेगन' ही संस्था या कायद्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होती. बिगरशेती उद्योग करायचे तर ते गावाच्या हद्दीत करा, असा तिचा आग्रह. जवळचं गाव अँटिलोप, रँचपासून साधारण वीस मैलांवर.

म्हणून ते अँटिलोपला आले. गावावर कुणाचा आधीपासून डोळा होता असं नाही, जमीन-कायद्याने त्यांना तिकडे ढकललं. संन्याशांनी गावातले प्लॉट घेतले, छापखान्यासाठी परवानगी मागितली. गावाने पाय मागे घेतला, प्रकरण वकिलांकडे गेलं. मग आलं ते 15 एप्रिलचं मतदान. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नगर परिषदेत संन्याशांचं बहुमत झालं. गावातल्या एकमेव दुकान-कम-कॅफेचं 'झोर्बा द बुद्ध' झालं. शाळा नव्या मंडळाच्या ताब्यात गेली आणि जुन्या रहिवाशांची मुलं लांबच्या मद्रासला जाऊ लागली (हे मद्रास ओरेगनमधलं). 1984 मध्ये गावाचं नावच बदलून 'रजनीश' करण्यात आलं. यातलं एकही पाऊल बेकायदा नव्हतं.

पुण्याशी तुलना इथे उपयोगी पडते. पुण्यातही आश्रमाचे शेजाऱ्यांशी, सरकारशी, करखात्याशी खटके उडत होतेच. पण 1981 चं पुणे बारा लाखांचं शहर होतं. त्यात काही हजार संन्यासी म्हणजे कुणाला त्रास, कुणाला उत्पन्न, बाकीच्यांना गप्पांचा विषय. महापालिकेच्या निवडणुकीत त्यांची गणतीही झाली नसती. तीच माणसं, तीच शिस्त, तोच पैसा वॉस्कोत नेऊन ठेवा: चाळीस माणसांच्या गावात पन्नास जण म्हणजे सरकार, आणि 21,000 च्या काउंटीत काही हजार जण म्हणजे काय, हा प्रश्न 1984 साली आलाच.

दरम्यान रँचवरही शहर उभं राहत होतं. 4 नोव्हेंबर 1981 रोजी काउंटी कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने रँचच्या एका भागाला शहराचा दर्जा देण्यासाठी मतदान घ्यायला परवानगी दिली. बाजूने मत देणाऱ्यांत काउंटी जज रिक कँट्रेल होते, आणि त्यांनी याच सुमारास रँचला गुरं विकली होती ही गोष्ट पुढे बरीच गाजली. लहान काउंटीत हेही आलंच. पदाधिकारी स्वतः शेतकरी, आणि परिसरातला सर्वांत मोठा गिऱ्हाईक ज्याचा अर्ज समोर आहे तोच. 18 मे 1982 रोजी मतदान झालं: 154 विरुद्ध शून्य. रजनीशपुरम शहर झालं. त्याला महापौर मिळाला, नियोजन विभाग मिळाला आणि 'पीस फोर्स' नावाचं स्वतःचं पोलीस दल मिळालं.

154 विरुद्ध शून्य हा आकडा राज्याच्या ॲटर्नी जनरलला खटकला. डेव्ह फ्रॉनमायर यांनी ऑक्टोबर 1983 मध्ये मत दिलं की ज्या शहराची सगळी जमीन, सगळी घरं आणि सगळे रस्ते एका धर्मसंस्थेच्या ताब्यात आहेत, जिथे तिच्या मर्जीशिवाय कुणी राहूच शकत नाही, ते शहर सरकारचा भाग मानणं म्हणजे धर्म आणि राज्यसंस्था यांना वेगळं ठेवणाऱ्या घटनेच्या तत्त्वाचा भंग आहे. राज्याच्या निधीवर पाणी पडलं, खटला सुरू झाला. माझ्या मते या सगळ्या भांडणात मांडला गेलेला हा सर्वांत भक्कम मुद्दा. जमीन-कायद्याचा मुद्दा त्यापुढे कच्चा होता, आणि अनेक स्थानिकांच्या मनात जे होतं ते तर मुद्दाच नव्हता. 'लाल होण्यापेक्षा मेलेलं बरं' अशा अर्थाच्या, कम्युनिस्टविरोधी काळातल्या घोषणा टोप्यांवर झळकत होत्या. धमक्या येत होत्या. संन्याशांनी उजाड ओढ्यांना बांध घातले, तलाव केला, भाजीपाला पिकवला. दीर्घकाळ पडीक असलेली ती जमीन हिरवी झाली. याचं श्रेय देणारा आवाज द डॅल्समध्ये क्वचितच निघत होता.

1984 च्या नोव्हेंबरमध्ये काउंटी कोर्टाच्या तीनपैकी दोन जागांची निवडणूक होती. त्या दोन जागा हाती आल्या की बांधकामाचे अडकलेले परवाने सुटणार होते. त्यासाठी दोन बेत आखले गेले, एक उघड आणि एक गुप्त.

उघड बेताचं नाव 'शेअर अ होम'. सप्टेंबरपासून देशभरातल्या शहरांतून बेघर माणसांना बसमध्ये बसवून रँचवर आणायला सुरुवात झाली. निवारा, जेवण, कपडे, बिअर. हजारो माणसं आली. त्यांत व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिक होते, मानसिक आजार असलेले होते, आणि खरंच नवं आयुष्य मिळेल म्हणून आलेलेही होते. संस्थेने याला दयाधर्म म्हटलं. वॉस्कोतल्या लोकांनी बस मोजल्या आणि मतं मोजली.

इथे या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी व्यक्ती येते. काउंटी क्लार्क स्यू प्रॉफिट. 10 ऑक्टोबर 1984 रोजी त्यांनी आदेश काढला की काउंटीतला प्रत्येक नवा मतदार नोंदणी अर्ज तूर्त स्थगित. अर्जदाराने सुनावणीला हजर राहून आपण इथले रहिवासी आहोत आणि इथेच राहायचा विचार आहे हे सांगायचं. राज्याच्या निवडणुका पाहणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट नॉर्मा पॉलस त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. सुनावण्या घ्यायला वकील गोळा केले गेले. संस्थेने न्यायालयात धाव घेतली, पण आदेश टिकला.

प्रॉफिटबाईंनी काय केलं ते नीट पाहायला हवं, कारण त्यांना नंतर सरसकट नायिका करून टाकलं गेलं. ज्या गृहीतावर काउंटीची निवडणूक चालत होती ते, म्हणजे माणसाच्या शब्दावर विश्वास, त्यांनी महिनाभरासाठी काढून घेतलं, आणि ते सर्वांसाठी काढून घेतलं. त्या महिन्यात द डॅल्समध्ये नोकरीनिमित्त आलेला सुतारही संशयित ठरला. फक्त बेघरांचे अर्ज अडवले असते तर तो उघड भेदभाव झाला असता आणि न्यायालयात टिकला नसता. म्हणून सगळेच अडवले. हे कायद्याच्या दृष्टीने चतुर होतं, गरजेचंही असेल. पण काही हजार गरीब माणसांचा मतदानाचा हक्क सुनावणीच्या टेबलावर अडकला, हेही तितकंच खरं. अखेर संन्याशांनी निवडणुकीतून अंग काढून घेतलं आणि बेघर माणसांची परतपाठवणी सुरू झाली. बऱ्याच जणांना जवळपासच्या गावांत नुसतं उतरवून दिलं गेलं. हिवाळा तोंडावर होता, आणि त्यांच्या घरवापसीचं तिकीट काढायचं काम राज्यावर आणि सेवाभावी संस्थांवर पडलं. त्यांच्या बिअरमध्ये गुंगीचं औषध मिसळलं जात होतं, हे नंतरच्या तपासात पुढे आलं.

गुप्त बेत याच्या आधीच सुरू झाला होता. 29 ऑगस्ट 1984 रोजी काउंटी कोर्टाचे तिघे सदस्य रँचची पाहणी करायला गेले. परतताना त्यांच्या गाडीचं एक चाक बसलेलं निघालं. उन्हात चाक बदलेपर्यंत यजमानांनी पाणी दिलं. काउंटी जज विल्यम हल्स आणि कमिशनर रे मॅथ्यू, दोघेही संस्थेचे टीकाकार, ते पाणी पिऊन आजारी पडले. हल्स यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. मवाळ मानले जाणारे तिसरे सदस्य व्हर्जिल एलिक्सन यांना काहीच झालं नाही.

सप्टेंबरच्या मध्यापासून द डॅल्समध्ये लोक आजारी पडू लागले. जुलाब, ताप, पोटात मुरडा. आधी दोन-तीन रेस्टॉरंटांची गिऱ्हाइकं, मग आणखी. निदान झालं साल्मोनेला टायफिम्युरियमचं. आकडा थांबला तो 751 वर, दहा रेस्टॉरंटांत. 45 जण रुग्णालयात गेले. कुणी दगावलं नाही. जेमतेम दहा-अकरा हजारांच्या शहरात 751 म्हणजे प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी. जिथे गिऱ्हाईक स्वतः वाढून घेतं त्या सॅलड बारवर, ड्रेसिंगमध्ये, कॉफीच्या दुधात जंतूंचा द्रव ओतला जात होता. ही मतदानाच्या दिवसाची रंगीत तालीम होती: काउंटीचे मतदार अंथरुणाला खिळले की आपली मतं पुरतील.

हे आज ठाऊक आहे. तेव्हा राज्याच्या आरोग्य खात्याने आणि केंद्राच्या साथरोग तज्ज्ञांनी तपास केला आणि निष्कर्ष काढला की दोष रेस्टॉरंटांतल्या कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छ हातांचा असावा. दहा वेगवेगळी रेस्टॉरंटं, त्यांना माल पुरवणारे वेगवेगळे, पाणी ठीक. सामाईक दुवा सापडेना. कर्मचारीही आजारी होते, म्हणून बोट त्यांच्याकडे वळलं. ते आजारी होते कारण तेही तिथलंच खात होते. तज्ज्ञांनी मुद्दाम काही झाकलं असं कुणी म्हणत नाही. जाणूनबुजून विष घालणं हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं, आणि गावकऱ्यांचा संशय त्यांना पूर्वग्रहातून आलेला वाटला. पूर्वग्रह होताच. पण पूर्वग्रह असलेला माणूस चुकलेलाच असतो असं नाही. वर्षभर द डॅल्सच्या वेटर-आचाऱ्यांनी हा ठपका वाहिला. अमेरिकी काँग्रेसचे सदस्य जिम वीव्हर यांनी फेब्रुवारी 1985 मध्ये प्रतिनिधिगृहात उभं राहून हा ठरवून केलेला विषप्रयोग असल्याचं मांडलं, तेव्हा बहुतेकांना ते अतिरंजित वाटलं.

कोडं सुटलं ते तपासामुळे नव्हे, घरातल्या भांडणामुळे. सप्टेंबर 1985 मध्ये शीला आणि त्यांचे जवळचे साथीदार अचानक युरोपला निघून गेले. दोनच दिवसांनी रजनीशांनी स्वतः पत्रकारांसमोर त्यांच्यावर आरोपांची यादी वाचली, त्यात हा विषप्रयोगही होता. तपास पथक रँचवर गेलं. ऑक्टोबरमध्ये तिथल्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. काउंटीच्या नियोजन कार्यालयाला जानेवारीत लागलेली आग, फोनवर चोरून ऐकण्याची यंत्रणा, सरकारी वकिलाच्या खुनाचा कट, एकेक बाहेर येत गेलं. हे करणारी माणसं मूठभर होती. हजारो संन्याशांना ते आपल्यासारखंच वर्तमानपत्रातून कळलं. 1986 मध्ये शीला यांना वीस आणि दवाखान्याच्या प्रमुख मा आनंद पूजा यांना पंधरा वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्या अडीच वर्षांच्या आत सुटल्या. रजनीशांवर व्हिसाविषयक गुन्हे होते. 14 नोव्हेंबर 1985 रोजी तडजोड करून, चार लाख डॉलर दंड भरून ते देश सोडून गेले आणि 1987 च्या जानेवारीत पुन्हा कोरेगाव पार्कात परतले.

न्यायालयांचे निकाल मात्र आपल्या चालीने येत राहिले. धर्म आणि राज्यसंस्थेच्या मुद्द्यावर डिसेंबर 1985 मध्ये संघीय न्यायालयाने फ्रॉनमायर यांची बाजू उचलून धरली. जमीन-कायद्याच्या मुद्द्यावर 1987 मध्ये ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो शहराच्या बाजूने. तोवर वस्ती उठून दीडेक वर्ष झालं होतं.

अँटिलोपने 6 नोव्हेंबर 1985 रोजीच जुनं नाव परत घेतलं होतं, 34 विरुद्ध शून्य मतांनी. या वेळच्या शून्याची चौकशी कुणी केली नाही. गावात पोस्टाजवळ त्या काळाची आठवण सांगणारा फलक आहे, 'आक्रमण' हा शब्द वापरणारा. रँच आता तरुणांच्या एका ख्रिस्ती संस्थेचं शिबिरस्थळ आहे. जिथे प्रार्थनासभा भरवायलाही एकेकाळी परवान्याचे वाद झाले, तिथे दर उन्हाळ्यात मुलं येतात. साथीचा शास्त्रीय वृत्तान्त 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. कुणी अनुकरण करू नये म्हणून तो इतकी वर्षं मागे ठेवला होता.

सर्वांत टिकाऊ परिणाम राज्याच्या घटनेत झाला. 1986 मध्ये ओरेगनच्या मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली: मतदार यादीत नाव नोंदवायचं तर मतदानाच्या किमान 20 दिवस आधी. मतदानाच्या दिवशी नोंदणी करायची सोय संपली. त्यानंतर टपालाने मतदान घेणारं पहिलं राज्य म्हणून ओरेगनने नाव कमावलं, वाहन परवान्याबरोबर आपोआप मतदार नोंदणी सुरू केली, पण ही मुदत तशीच आहे. ऑक्टोबरअखेर दुसऱ्या राज्यातून पोर्टलंडला राहायला आलेल्या माणसाला नोव्हेंबरमध्ये तिथे मत देता येत नाही, आणि यातलं अँटिलोपचं नाव त्याने बहुधा ऐकलेलंही नसतं.